सीएनजी किटनंतर मॅनिफोल्डचे बोल्ट : किती घट्ट, कशाने घट्ट

पेट्रोलच्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं की आपण दोनच प्रश्न विचारतो. अ‍ॅव्हरेज किती देईल आणि डिकीत जागा किती उरेल. सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या बोल्टांबद्दल कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. किट बसून पाच-सहा आठवडे झाले आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा काटा वरखाली व्हायला लागला. एसी लावला की थरथर, सकाळी थंड इंजिनवर मिसिंग. प्लग बदलले, एक कॉइल बदलली, इंजेक्टर साफ करून घेतले, थ्रॉटल बॉडी धुतली. फरक शून्य. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी बॉनेटखाली हात घातला, मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला चाचपलं आणि म्हणाले, "दादा, हा बोल्ट बोटाने फिरतोय."

तसे दोन बोल्ट निघाले. तिसऱ्याच्या डोक्याखाली किटवाल्याने गॅसची इंजेक्टर रेल टांगायला रंगवलेल्या पत्र्याची पट्टी अडकवली होती. खरा घोटाळा त्या पट्टीत होता, पण ते मला पुढे उमगलं.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. किट बसवलेली किंवा बसवायचा विचार असलेली गाडी तुमच्याकडे असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

किट बसवताना मॅनिफोल्डशी नेमकं काय होतं ते आधी बघू. आजकालच्या सिक्वेन्शियल किटमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गॅस इंजेक्टर असतो आणि त्याची नळी मॅनिफोल्डच्या त्या त्या फाट्यात सोडावी लागते. त्यासाठी फाट्याला भोक पाडून त्यात आटे पाडतात (बहुधा ५ मिमीचं ड्रिल आणि एम ६चा टॅप) आणि छोटा नॉझल बसवतात. चांगला फिटर हे काम मॅनिफोल्ड खाली उतरवूनच करतो. नाहीतर ड्रिलचा कीस फाट्यातून घरंगळत थेट व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे मॅनिफोल्ड उतरवणं ही चूक नव्हे, उलट तो चांगल्या कामाचा भाग आहे. चूक होते ती परत बसवताना. संध्याकाळ झालेली असते, गिऱ्हाईक बाकड्यावर वाट बघत बसलेलं असतं, आणि कारखान्यात मोजून आवळलेले बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले जातात.

म्हणून गाडी देण्याआधीच फिटरशी सरळ बोला. मॅनिफोल्ड उतरवणार का? गॅस्केट नवीन टाकणार का? बोल्ट टॉर्क पान्याने आवळणार का, आणि किती टॉर्कवर? रेल कुठे बसवणार? या प्रश्नांवर जो वैतागतो, त्याच्याकडे मी गाडी ठेवणार नाही.

आता बोल्टाकडे येऊ. आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते. आपण पाना फिरवतो तेव्हा बोल्ट अगदी किंचित लांब होतो आणि पुन्हा आखडण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. मॅनिफोल्ड इंजिनाच्या सिलिंडर हेडवर धरून ठेवतो तो हा दाब. पान्यावर लावलेल्या जोराचा फार थोडा भाग, ढोबळमानाने दहावा हिस्सा, त्या ताणात जातो. उरलेला जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो.

आकड्यांत बघितलं की हे नीट पटतं. एम ८चा बोल्ट, आटे कोरडे, २२ न्यूटन-मीटर टॉर्क. याने साधारण १४०० किलोचा दाब तयार होतो. ताणाखाली आलेली बोल्टाची लांबी ३० मिमी धरली, तर तेवढ्या ताणाने बोल्ट लांब होतो फक्त पाच शतांश मिलिमीटर. डोक्यावरच्या केसाची जाडीही बहुधा याहून जास्त भरते. एवढ्याशा ताणावर सगळा खेळ चालतो. बोल्टाखालचा एखादा थर एक शतांश मिलिमीटरने जरी दबला, तरी दाबाचा पाचवा हिस्सा गेला. अडीच शतांश दबला तर निम्मा गेला. आणि हे होताना बोल्ट जागचा हललेलाही नसतो.

इथे ती रंगवलेली पट्टी आठवा. पत्र्यावरचा रंग सहज सहा-सात शतांश मिलिमीटर जाड असतो, आणि पट्टीला तो दोन्ही बाजूंनी असतो. इंजिन तापलं की रंग मऊ पडतो, दबतो, कडेने पसरतो. पट्टी जराशी वाकडी असेल तर तीही सरळ होत जाते. पाच शतांशांची शिल्लक आठवड्याभरात संपते. त्यात रेलचं वजन त्याच बोल्टावर लटकलेलं असतं आणि प्रत्येक खड्ड्याला हिसका देत असतं. शिवाय पट्टीची जाडी ३ मिमी असेल तर जुना बोल्ट आट्यांत तेवढाच कमी शिरतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि त्यात एम ८च्या बोल्टाची किमान १२ मिमी पकड असावी, १६ असेल तर उत्तम. त्यातले ३ मिमी गेले की उरलेल्या आट्यांवर भार वाढतो, आणि पुढे कुणीतरी "अजून थोडा आवळ" म्हटलं की आटे सोलून हातात येतात.

रेल मॅनिफोल्डच्या बोल्टावर टांगू देऊ नका, यावर मी ठाम आहे. बहुतेक इंजिनांवर एखादं रिकामं आटेदार भोक सापडतं. रेलची पट्टी तिथे बसवता येते. दुसरी जागाच नसेल तर पट्टी सपाट हवी, बोल्ट बसतो तिथला रंग दोन्ही बाजूंनी खरवडून काढलेला हवा आणि बोल्ट मूळ बोल्टापेक्षा पट्टीच्या जाडीइतकाच जास्त लांब घेतलेला हवा. त्याहून लांब घेतला तर तो बंद भोकाच्या तळाला टेकतो. हाताला वाटतं घट्ट झाला, प्रत्यक्षात तो काहीच दाबत नसतो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट हमखास आढळते. बऱ्याच इंजिनांत मॅनिफोल्डला खालून एक आधार असतो, ब्लॉकला जोडलेला, गॅरेजच्या भाषेत स्टे. त्याचा बोल्ट अडचणीत असतो, हात धड पोचत नाही, म्हणून मॅनिफोल्ड परत बसवताना तो स्टे कोपऱ्यातल्या डब्यात राहून जातो. मग मॅनिफोल्डचं सगळं हेलकावणं वरच्या बोल्टांवर येतं. किट बसवून गाडी ताब्यात घेताना विजेरीचा उजेड खाली पाडून पाहा. स्टे जागेवर आहे का, त्याचे दोन्ही बोल्ट आहेत का, एवढं डोळ्यांनी दिसतं.

बोल्ट सैल का होतात याचा एक महत्त्वाचा अभ्यास गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने केला आणि १९६९ साली तो प्रसिद्ध झाला. त्याने दाखवलं की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवी घसर जास्त घातक असते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांतलं घर्षण सुटतं आणि बोल्ट आपणहून उलटा फिरू लागतो. ही घसर थांबवतो तो पुरेसा दाब. म्हणजे आधी गॅस्केट किंवा रंग दबून दाब कमी होतो, मग घसर सुरू होते, मग बोल्ट फिरतो. बोटाने फिरणारा बोल्ट हा या साखळीचा शेवट असतो.

स्प्रिंग वायसर टाकून यावर इलाज होतो असं अनेकांना वाटतं. होत नाही. बोल्ट योग्य टॉर्कला पोचेपर्यंत तो वायसर पूर्ण चपटा झालेला असतो आणि साध्या वायसरसारखाच वागतो. नासाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलमध्येही हे स्पष्ट लिहिलं आहे. कंपनीने जिथे दिलाय तिथे तो राहू द्या, पण त्याच्या भरवशावर कमी आवळू नका.

मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे की अ‍ॅल्युमिनियमचा, यावर पुढची वागणूक ठरते. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. त्याच्या प्रत्येक बोल्ट-भोकात धातूची एक बुश असते आणि सील करण्याचं काम खाचेत बसलेला रबरी गॅस्केट करतो. बोल्ट ती बुश हेडवर दाबतो. रबर किती दबायचं हे बुशची लांबीच ठरवते. त्यामुळे ठरलेल्या टॉर्कपलीकडे आवळून हवेची गळती जराही कमी होणार नाही. फार तर हेडचे आटे जातील. अशा मॅनिफोल्डमधून हवा येत असेल तर दोष बहुधा रबराचा असतो. जुनं रबर चपटं, कडक झालेलं असतं, एकदा उचललं की पहिल्यासारखं बसत नाही. म्हणून नवीनच टाका. खाच कोरड्या कपड्याने पुसा. तिथे सिलिकॉन अजिबात लावू नका. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगून सुटतं आणि इंजिन ते ओढून घेतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डखाली कागदी किंवा फायबरचं पॅकिंग असेल तर गोष्ट वेगळी. ते पॅकिंग पहिल्या काही तापण्या-निवण्यात बसतं आणि दाब उतरतो. त्यामुळे थोडं चालवून पुन्हा तपासणी हवीच. जुनं पॅकिंग काढताना हेडवर ओरखडे पाडू नका. धारदार पात्याऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरा. फ्लँजवर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेजची पाती घालून पाहा. एक दशांश मिलिमीटरची पाती आत सरकत असेल तर फ्लँज वाकलेली आहे, आणि ती बोल्टाच्या जोरावर सरळ करायला जाऊ नका.

आता प्रत्यक्ष आवळणं. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं सर्वात चांगलं. बॅटरीची ऋण तार काढलेली, सीएनजी टाकीचा व्हॉल्व्ह बंद. गॅसच्या नळ्या आणि रिड्यूसर यांना स्वतः हात लावू नका. टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो आणि ते काम अधिकृत फिटरचंच आहे. मॅनिफोल्ड उतरवण्याचं कामही मी घरी करायला सांगणार नाही. पण तुमच्यासमोर होत असताना ते कसं व्हायला हवं, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

आटे आधी साफ हवेत. भोकात आटे चिकटवायचं जुनं लोशन, गंज, तेल काही नको. तेलाचा मुद्दा छोटा वाटतो पण आहे मोठा. आट्यांना तेल लागलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कवर बोल्ट तिसऱ्या हिश्शाने जास्त ताणला जाऊ शकतो. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर आटे कोरडेच ठेवा. सगळे बोल्ट आधी हाताने, पान्याशिवाय, शेवटपर्यंत फिरवा. एखादा अडत असेल तर थांबा, तो तिरका शिरतोय. मग मधल्या बोल्टापासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जायचं. पहिल्या फेरीत निम्मा टॉर्क, दुसऱ्या फेरीत पूर्ण, आणि तिसरी फेरी नुसती खात्रीसाठी. एका टोकाचा बोल्ट आधीच पूर्ण आवळला तर दुसरं टोक तरंगत राहतं आणि पुढे किती आवळलं तरी ते नीट बसत नाही.

टॉर्क किती, तर तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तेवढाच. एम ८च्या बोल्टांना बऱ्याच इंजिनांत तो वीस-पंचवीस न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, एम ६ना दहाच्या आसपास, पण हा अंदाज झाला. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला याहून कमीही असू शकतो. मिस्त्री किलोत बोलतात. त्यांचे अडीच किलो म्हणजे अडीच किलो-मीटर, साधारण २५ न्यूटन-मीटर.

टॉर्क पानाही योग्य मापाचा हवा. टायरचे नट आवळायचा मोठा पाना, ज्याची पट्टी २०० न्यूटन-मीटरपर्यंत जाते, तो अगदी खालच्या टोकाला विश्वासाचा राहत नाही. पाच ते पन्नास-साठच्या टप्प्याचा छोटा पाना वापरायला सांगा. हँडल मधोमध धरायचं, संथपणे ओढायचं, 'टक' आवाज आला की थांबायचं. दुसऱ्यांदा टक करणं म्हणजे जास्त आवळणं. या पान्याने बोल्ट सोडवायचा नाही, आणि काम झालं की त्याची सेटिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची.

आवळून झालं की शेवटचं काम घरच्या घरी जमतं. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून मॅनिफोल्डवर जाईल अशी एक सरळ रेघ पेंट मार्करने ओढा. मार्कर नसेल तर नेलपॉलिश चालतं, उष्णतेत बरंच टिकतं. पुढे कधीही बॉनेट उघडलं की रेघ तुटली का एवढंच बघायचं. मात्र हेही लक्षात ठेवा की रेघ बोल्ट फिरला का ते सांगते. खालचं पॅकिंग दबून दाब उतरला असेल तर रेघ सरळच राहते. म्हणून निदान एकदा पान्यानेही तपासायला हवं.

ते कधी? मी ३०० किलोमीटरनंतर एकदा आणि १००० नंतर एकदा तपासतो, दोन्ही वेळा थंड इंजिनवर. पाना ठरलेल्या टॉर्कला लावून त्याच क्रमाने फिरायचं. बोल्ट न हलता टक झालं तर उत्तम. जरासा सरकून टक झालं तरी चालेल, पॅकिंग बसलंय. पण एखादा बोल्ट पाव फेरा फिरला तर तो आवळून पुढे जाऊ नका. एम ८च्या साध्या आट्यांवर पाव फेरा म्हणजे तीन दशांश मिलिमीटर, म्हणजे बोल्टाच्या संपूर्ण ताणाच्या कितीतरी पट. तिथे काहीतरी दबलंय, तुटलंय किंवा आटे ओढले जाताहेत. मॅनिफोल्ड उतरवून कारण शोधावं लागेल. आटे गेलेच असतील तर नवीन हेड लागत नाही. चांगला टर्नर हेलिकॉइल घालून देतो आणि ते आटे मूळच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मजबूत निघतात. मोठा बोल्ट ठोकून बसवायची सूचना आली तर नकार द्या.

सांध्यातून हवा येतेय हे ओळखायचं कसं? सर्वात सोपी परीक्षा किटवाल्या गाडीतच शक्य असते. गाडी सीएनजीवर आणि मग पेट्रोलवर, दोन्हीवर आयडलिंगला उभी करा. मॅनिफोल्डचा सांधा दोन्ही इंधनांना सारखाच लागू असतो, त्यामुळे त्रास दोन्हीवर दिसेल. गॅसला पेटवायला जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून सीएनजीवर मिसिंग आधी आणि ठळक जाणवेल, पण पेट्रोलवर आरपीएम अगदी स्थिर असेल तर बोल्टांच्या मागे लागू नका. नॉझलच्या नळ्या, फिल्टर, रिड्यूसर बघा. माझ्या गाडीत त्रास दोन्हीवर होता. हे एवढं मी पहिल्याच दिवशी नीट पाहिलं असतं तर कॉइलचे पैसे वाचले असते.

स्कॅनर लावला तर पी ०१७१ (मिश्रण पातळ) किंवा पी ०५०७ (आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त) हे कोड दिसू शकतात. इथे एक बारकावा आहे. ज्या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर थ्रॉटलच्या आधी असतो, तिथे सांध्यातून शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि इंधनाची दुरुस्ती आयडलिंगला मोठी अधिक दिसते, रेस दिली की कमी होते. पण आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजून चालतात. तिथे हवा शिरली की दाब वाढतो, संगणक इंधनही वाढवतो, आणि आकडे जवळपास ठीक दिसत असताना आरपीएम मात्र चढलेला राहतो. स्कॅनरवर सगळं ठीक आहे म्हणून सांधा ठीक आहे, असं अशा गाडीत धरू नका. व्हॅक्यूम गेज लावणार असाल तर उंचीचा हिशेब ठेवा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच दाखवतं. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे तेच इंजिन दोनेक इंच कमी दाखवेल, आणि त्यात काही बिघाड नाही.

नेमकी जागा शोधायला स्मोक टेस्ट उत्तम. ती सोय नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं सांध्याजवळ फिरवा, फिसफिस ऐकू येते. सांध्यावर कार्ब क्लीनर फवारायची किंवा उदबत्तीचा धूर दाखवायची जुनी पद्धत सीएनजीच्या गाडीत वापरू देऊ नका. कुठेतरी गॅस झिरपत असेल तर ते जिवावर बेतेल.

जुनी अ‍ॅम्बॅसिडर जपून ठेवलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. १४८९ सीसीच्या त्या पेट्रोल इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात आणि मधल्या स्टडवरचे जाड वायसर दोन्ही फ्लँजवर एकदम टेकतात. हौसेने नवीन पाइपचं एक्झॉस्ट बसवलं आणि त्याची फ्लँज इनटेकच्या फ्लँजपेक्षा जाड निघाली, तर वायसर तिरका बसतो. एक्झॉस्ट घट्ट, इनटेक सैल. नट कितीही आवळा, हवा येतच राहील. दोन्ही फ्लँजची जाडी कॅलिपरने मोजून सारखी करून घेणं एवढाच उपाय आहे.

माझ्या गाडीची रेल आता हेडजवळच्या एका रिकाम्या भोकावर बसली आहे, पट्टी तीच, रंग खरवडून. मॅनिफोल्डला नवीन गॅस्केट, मूळ लांबीचे बोल्ट, आणि डब्यात सापडलेला स्टे परत जागेवर. ३०० किलोमीटरला एक बोल्ट किंचित सरकला, १०००ला एकही नाही. त्यानंतर तीन सर्व्हिसिंग झाली. प्रत्येक वेळी बॉनेट उघडल्यावर आधी त्या लाल रेघा बघतो, मग ऑइलची कांडी काढतो.